कर्व्यांच्या घरातील धीराची माणसे

आईबापांनी मुलांचे तोंडावर कौतुक करू नये, असा आपल्याकडे जुना दंडक आहे. दृष्ट लागते म्हणे! बायकोचे कौतुक तर चारचौघांत करावयाचेच नाही. आणि सासूने सुनेचे केले तर शेजारणीच संशयाने पाहू लागतात. याचा परिणाम मी माझ्या वर्गात पाहिला आहे. 'आमच्या घरातील धैर्याचा प्रसंग' असा निबंध मी एकदा मुलांना घातला होता. बहुतेकांनी तानाजी आणि बाजीप्रभू यांनाच घरात आणून बसविले! दिवाळीत अंगणात किल्ला करावयाचा, त्यावर मातीचे मावळे मांडावयाचे, एवढाच पराक्रम त्यांच्या ओळखीचा. आजीने पदरात तीन पोरे घेऊन एकटीने कसे दिवस काढले, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

म्हणून मला कर्व्यांच्या घराचे फार अप्रूप वाटते. या घराने एकमेकांच्या धीराच्या गोष्टी दडवून ठेवल्या नाहीत, लिहून ठेवल्या. अण्णांनी, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी, १९१५ साली 'आत्मवृत्त' प्रसिद्ध केले. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' १९२८ ची. पत्नी आनंदीबाई, ज्यांना सगळे 'बाया' म्हणत, त्यांचे 'माझे पुराण' १९४४ साली आले, आणि ते सिद्ध केले धाकट्या सूनबाई कावेरीबाई यांनी. सासूने सांगावे आणि सुनेने लिहून घ्यावे, हे दृश्य मला एखाद्या कादंबरीतल्या प्रसंगापेक्षा गोड वाटते.

गोष्ट सुरू होते कोकणातील मुरूडला, दापोलीजवळच्या. घराला पूर्वी वैभव होते, ते आटले होते. त्या काळी बडोद्याच्या गायकवाडांकडून ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. कोणीतरी येऊन सांगितले की, मुलांना पाठवा, चार पैसे मिळतील. अण्णांच्या आईने साफ नकार दिला. कर्व्यांच्या घरातून एके काळी गायकवाडांना कर्ज गेले होते. त्या घरातील मुलांनी तिथे हात पसरावयाचा नाही! घरात पैशांची निकड होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या नकाराचे मोल कळते. पुढे हाच मुलगा जन्मभर लोकांपुढे झोळी घेऊन उभा राहिला. पण ती झोळी स्वतःसाठी नव्हती, एवढा फरक.

१८७५ सालची दुसरी गोष्ट शाळेतल्या मुलांना मी दरवर्षी सांगतो. अण्णा सतरा वर्षांचे होते. सरकारी नोकरीसाठी उपयोगी पडणारी परीक्षा साताऱ्यास द्यावयाची होती. मुरुडाहून सातारा सुमारे ११० मैल. पावसाचे दिवस, वाटेत कुंभार्लीचा घाट, आणि वाहन म्हणजे स्वतःचे पाय. तीन-चार सोबती घेऊन हा पोरगा चिखल तुडवीत निघाला आणि वेळेवर पोहोचला. परीक्षेच्या प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिले. चण लहान, चेहरा कोवळा. दाखल्यावर सतरा वर्षे लिहिलेली असूनही त्यांचा विश्वास बसेना. तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, म्हणून परीक्षेला बसता येणार नाही! आल्या पावली परत. कुंभार्लीच्या घाटातून मी एस. टी. ने गेलो आहे आणि बसल्या जागी माझे अंग आंबले आहे. म्हणून येतानाच्या वाटेपेक्षा त्या परतीच्या वाटेचा विचार माझ्या मनात अधिक येतो. दुसऱ्या वर्षी कोल्हापुरास जाऊन ते ती परीक्षा पास झाले. मॅट्रिक व्हावयास मात्र त्यांना १८८१ साल उजाडले, वय तेवीस. मागे पडलेल्या मुलांच्या पालकांना मी हा आकडा मुद्दाम सांगतो.

इथवर अण्णांचे एकट्याचे धैर्य झाले. खरी कसोटी पुढे आहे आणि ती बायांची आहे.

पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. मागे मुलगा रघुनाथ, नऊ वर्षांचा. त्याच वर्षी अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, हा त्यांचा निश्चय होता. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी, देवरुखचे. त्यांची बहीण गोदूबाई. लग्नानंतर अवघ्या तीन महिन्यांत, आठव्या वर्षी तिचे कपाळ पांढरे झाले होते. पुढे रीतीप्रमाणे केशवपन. वीस वर्षांची झाल्यावरही तिचे जग म्हणजे सासरचे रांधणे-वाढणे. भाऊ तिला मुंबईस घेऊन आला आणि पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी 'शारदा सदन' उघडले, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात तिचा अण्णांशी विवाह झाला. तारीख तीच!

मुरुडात कल्लोळ उडाला. गावाने सभा भरवून ठराव केला की, कर्वे जिथे बसतील तिथे कोणी बसू नये, आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर घरच्यांवरही बहिष्कार. याच गावाच्या हितासाठी सात वर्षांपूर्वी अण्णांनी 'मुरूड फंड' काढला होता. माणसे उपकार विसरतात ते एक वेळ परवडते. पण इथे आई आणि मुलगा यांच्यामध्ये गाव उभे राहिले होते. अण्णांना निदान कॉलेज होते, मित्र होते, वर्तमानपत्रांतून बाजू घेणारे लोक होते. बायांपाशी नवऱ्याच्या शब्दाखेरीज काय होते?

आणि तो शब्दही पुढे संस्थेच्या वाट्याला अधिक गेला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला. प्लेगामुळे तो १९०० साली पुण्याबाहेर हिंगण्याला हलविला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले होते, तिथे एक झोपडी उभी राहिली. कॉलेज आटोपल्यावर अण्णा रोज चार मैल तुडवीत जात. पावसाळ्यात वाट म्हणजे निव्वळ चिखल, आणि खांद्यावर आश्रमासाठी सामान. हे सारे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. जे वाचत नाही ते असे की, आश्रमातील विधवा मुलींच्या आईबापांना भीती वाटू नये म्हणून अण्णांनी तिथे पुनर्विवाहाचा प्रचार बंद ठेवला; आणि पुनर्विवाहित म्हणून बायांना आश्रमापासून अंतर राखावे लागले. ज्या विवाहापायी गाव सुटले, तोच विवाह नवऱ्याच्या संस्थेत अडचणीचा ठरला! भर म्हणून घरचा एकमेव आधार असलेली आयुर्विम्याची पॉलिसीही अण्णांनी आश्रमाच्या नावे करून टाकली. बाया संतापल्या, रडल्या. माझ्या मते त्यांचा संताप शंभर टक्के रास्त होता. महर्षींचे चरित्र लिहिणाऱ्याने तो झाकू नये. पण रडून त्या बसल्या नाहीत. त्यांनी सुइणीचे शिक्षण घेतले, मुले वाढविली आणि पुढे त्याच संस्थेसाठी दारोदार वर्गणी गोळा केली.

त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई ही आणखी एक. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात मुलगा. बहिणीने पुनर्विवाह केला. हिने करावयाचा नाही असे ठरविले. लिहावयास शिकली मोठेपणी. आश्रमात मिळेल ते काम केले. वपनाची चाल तिने बरीच वर्षे पाळली आणि १९१२ साली स्वतःच्या विचाराने सोडली. १९१८ मध्ये, अठ्ठेचाळीसच्या घरात, ती अमेरिकेला निघाली; इंग्रजी शिकावे आणि संस्थेला मदत मिळवावी म्हणून. इंग्रजी जेमतेम, पैसा नाही. तिकडे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली आणि १९२० मध्ये परतली. कोकणातली एक बाई न्यूयॉर्कच्या मुलखात दुसऱ्याच्या घरची भांडी घासते आहे, आणि तिला त्याची लाज वाटत नाही, उलट ती ते पुस्तकात लिहिते! या दोघी बहिणींनी परस्परविरुद्ध मार्ग धरले आणि दोघींचेही एकाच घराला कौतुक होते. मला हे फार मोठे वाटते.

मुलांची पिढी थोडक्यात सांगतो. शंकर डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत मोंबासाला गेले. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि फर्ग्युसनचे प्राचार्य. भास्कर आणि कावेरीबाई यांनी हिंगण्यालाच आयुष्य दिले.

दिनकरांची पत्नी म्हणजे इरावतीबाई. १९२८ साली त्या मानववंशशास्त्र शिकण्यास बर्लिनला निघाल्या, तेव्हा सासऱ्यांना ते पसंत नव्हते. स्त्रियांचे विद्यापीठ काढणारे सासरे आणि शिकावयास निघालेली सून! पण मोठ्या माणसांच्या अशा जागा पाहूनच ती आपली वाटतात. दिनकर पत्नीच्या पाठीशी उभे राहिले. बर्लिनला त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीच्या दोन बाजूंतील कमीजास्तपणाचा वंशाशी संबंध आहे, असा त्यांचा कयास. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असेच प्रबंधात लिहिले. परका देश, समोर गुरू, हातात पदवी यावयाची आहे, आणि मापे गुरूच्या विरुद्ध जातात. त्यांनी मापांचे ऐकले. १९३० साली डॉक्टरेट मिळाली. याच बाईंनी पुढे 'परिपूर्ती' या लेखात, अमक्याची मुलगी, अमक्याची सून, अमक्याची पत्नी या ओळखींपेक्षा रस्त्यावरच्या पोरांनी 'कर्व्याची आई' म्हणून दिलेली ओळख कशी पुरी वाटली, ते सांगितले आहे.

राहिले रघुनाथराव. राधाबाईंचा मुलगा, बाया घरात आल्या तेव्हा अकरा वर्षांचा. १८९९ च्या मॅट्रिकला पहिला आला. वडिलांसारखाच गणिताचा प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. बाळंतपणांनी खचून मरणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या, आणि त्यावर कुजबुजण्यापेक्षा उघड बोलावे असे त्यांचे मत. नोकरी की हे काम, असा पेच पडला तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी विल्सन कॉलेजची नोकरी सोडली. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, मासिक थांबले नाही. पत्नी मालतीबाईंनी या ओढगस्तीत शेवटपर्यंत साथ दिली. बापाला देशाने डोक्यावर घेतले; मुलाच्या वाट्याला टिंगल आली. बापाच्या मागे निदान काही वर्षांनी गाव आले. मुलाच्या मागे लोक आले ते तो गेल्यानंतर.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव वारले. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक नोव्हेंबरचा. तेव्हा अण्णांचे वय पंच्याण्णव होते. बाया त्याआधीच, २९ नोव्हेंबर १९५० ला गेल्या होत्या.

१८ एप्रिल १९५८ रोजी अण्णांना शंभर वर्षे पुरी झाली. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर प्रचंड सभा भरली, पंडित नेहरू आले होते. त्याच वर्षी भारतरत्न. त्यांच्या हयातीतच टपालखात्याने त्यांचे तिकीट काढले. त्यानंतर पाच वर्षांनी, अण्णा गेल्यावर, १९६३ मध्ये दिनकररावांचे एक इंग्रजी पुस्तक अमेरिकेत निघाले. त्यात त्यांनी वडिलांच्या, आईच्या आणि मावशीच्या आठवणी स्वतः भाषांतरित करून एका बांधणीत शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.