जळक्या पोथीतील अर्धी ओळ

ऑक्टोबर १७३१. लंडनमधील वेस्टमिन्स्टर भागातील अ‍ॅशबर्नहॅम हाउसला आग लागली आणि तेथे ठेवलेल्या कॉटन संग्रहातील अनेक हस्तलिखिते भस्मसात झाली. 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी महाकाव्याची जगातील एकमेव पोथी वाचली, परंतु तिच्या कडा करपल्या. पुढील काळात त्या ठिसूळ कडा झडत गेल्या, आणि त्यांच्यासोबत अक्षरेही.

झडलेल्या जागी कोणता शब्द होता, हे ठरवायचे कसे? या कामी अभ्यासकांना एका अनपेक्षित गोष्टीची मदत झाली: अर्ध्या ओळीची.

इ.स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या या पोथीत काव्य गद्यासारखे सलग उतरवलेले आहे. आपल्याकडील जुन्या पोथ्याही सलगच असतात, पण तेथे श्लोकार्धापाशी एक दंड आणि श्लोकान्ती दोन दंड वाचकाला हात देतात. 'बेओवुल्फ'च्या पोथीत तशी नियमित खूण नाही. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील 'जुनियस ११' या पोथीत मात्र बहुतेक अर्ध्या ओळींच्या शेवटी बिंदू दिलेले आढळतात. हे एकक नंतरच्या पंडितांच्या कल्पनेतून निघालेले नाही, याचा हा पुरावा.

त्याची घडण अशी. प्रत्येक अर्ध्या ओळीत साधारणतः दोन ठळक आघात, मध्ये यती, मग दुसरी अर्धी ओळ. दोन्ही अर्धांना जोडतो तो अनुप्रास. उत्तरार्धातील पहिल्या आघाताचा आद्यध्वनी पूर्वार्धातील एका किंवा दोन्ही आघातांशी जुळलाच पाहिजे. शेवटच्या आघाताने मात्र सहसा जुळायचे नाही. स्वर असल्यास कोणताही स्वर कोणत्याही स्वराशी जुळतो. यमकाची गरजच नाही.

१७८० च्या दशकात थोर्केलिन हा आइसलँडमध्ये जन्मलेला विद्वान लंडनला आला. त्याने एक नक्कल करवून घेतली, दुसरी स्वतः केली. १८०७ मध्ये ब्रिटिशांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या, तेव्हा त्याचे घर आणि तयार होत आलेली आवृत्ती जळाली. नकला तेवढ्या बचावल्या! आज मूळ पोथीत नसलेली सुमारे दोन हजार अक्षरे त्यांतून कळतात. १८१५ मध्ये त्याने काव्य छापले, ते प्रत्येक अर्धी ओळ स्वतंत्र ओळ मानून. आजच्या आवृत्त्या दोन अर्धे एका ओळीत, मध्ये मोकळी जागा सोडून छापतात. तशा ओळी भरतात ३१८२.

१८८५ मध्ये एडुआर्ड झिफर्स या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने अर्ध्या ओळीचे पाच मुख्य आघातप्रकार वेगळे केले. तेव्हापासून सुचवलेल्या प्रत्येक शब्दाला कसोटी लागली. अर्थ जुळला, पण आघात बसला नाही किंवा अनुप्रास चुकला, तर तो शब्द संशयास्पद. तरीही एका पानापुढे ही कसोटीही थकते. ड्रॅगनच्या खजिन्यातील चोरीचे ते पान, ओळी २२०७ ते २२५२, इतके पुसट आहे, की छापील आवृत्त्यांत आजही कित्येक अर्ध्या ओळींच्या जागी नुसती टिंबे दिसतात.