पेटीचं बिल कोण भरतं?

गेल्या रविवारी मित्राच्या गाडीच्या डिकीतून एक पेटी उतरवत होतो. दोघांनी मिळून धरली तरी कंबरेत कळ आली. बारा इंची सबवूफरची पेटी, एमडीएफची, आत उभ्या-आडव्या पट्ट्यांचं जाळं. ही आमची दुसरी पेटी. पहिली साध्या १२ मिलिमीटर प्लायची होती आणि आत काहीच नव्हतं. गाणं सुरू झालं की बासपेक्षा प्लायचीच भुणभुण जास्त ऐकू यायची. दुसरीच्या वेळी सुतारकाकांनी आमचं चित्र बघून विचारलं होतं, "साहेब, यात गाणी वाजवायचीत का दागिने ठेवायचेत?"

प्रश्न रास्त होता. आत नुसती हवा, मग तिजोरीसारखा बंदोबस्त कशाला? उत्तर शोधत बसलो आणि चांगला शंभर वर्षं मागे जाऊन पोचलो.

१९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी ज्या स्पीकरवर निबंध लिहिला, त्याच जातीचा कागदी शंकूचा स्पीकर आपण आजही वापरतो. त्याची अडचण तेव्हाही हीच होती : शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. ४० हर्ट्झच्या सुराची लाट साडेआठ मीटर लांब. एवढी लांब लाट छोट्याशा स्पीकरला सहज वळसा घालते, पुढची आणि मागची एकमेकींना भेटतात आणि बास गायब. उपाय म्हणजे मध्ये भलीमोठी फळी उभी करायची, नाहीतर स्पीकर सरळ दोन खोल्यांमधल्या भिंतीत बसवायचा. म्हणजे खोल सुरांचं बिल घराने भरायचं.

मग बेल लॅबमधल्या आल्बर्ट थुरासने पेटीला मोजून-मापून एक भोक पाडलं आणि मागची लाट वाया न घालवता कामाला लावली. १९३० मध्ये अर्ज, १९३२ मध्ये पेटंट. आज पोर्टेड बॉक्स म्हणतात तो हाच. पण पेटी मोठीच राहिली. इंग्लंडमध्ये व्हार्फडेलच्या गिल्बर्ट ब्रिग्जने तर पेटीची थरथर थांबवण्यासाठी दोन फळ्यांमध्ये वाळू भरली, खोलीच्या कोपऱ्यात विटांची पेटी बांधायला सांगितली. (हे वाचल्यावर सुतारकाकांना फोन करावासा वाटला. आम्ही निदान विटा तरी आणल्या नव्हत्या!)

खरा उलटफेर १९५४ चा. न्यूयॉर्कमध्ये शिकवणाऱ्या एडगर व्हिलचरच्या लक्षात आलं की शंकूला जागेवर परत आणणारी कापडाची-कागदाची स्प्रिंग नीट वागत नाही. ताणलं की तिचं गणित बिघडतं. त्यापेक्षा बंद पेटीतली हवा फार प्रामाणिक स्प्रिंग आहे. म्हणून शंकू मुद्दाम ढिला ठेवायचा, पेटी हवाबंद करायची आणि काम हवेवर सोपवायचं. हेन्री क्लॉस नावाच्या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन त्याने अकौस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांच्या 'एआर-१' ने कपाटाएवढ्या पेटीचं काम शेल्फवर मावेल अशा पेटीत करून दाखवलं.

फुकट काहीच मिळत नाही. पुढे क्लॉसबरोबर केएलएच काढणाऱ्या अँटन हॉफमनच्या नावाने (प्रसिद्ध पियानोवादक योसेफ हॉफमनचा हा मुलगा) एक नियम ओळखला जातो : लहान पेटी, खोल बास आणि कमी पॉवर, यातल्या कुठल्याही दोन गोष्टी घ्या, तिसरी सोडा. आमच्या धंद्यातलं 'लवकर, स्वस्त, चांगलं' आठवलं ना? व्हिलचरने पेटी लहान केली आणि बिल अँप्लिफायरच्या नावावर फाडलं.

गाडीच्या डिकीत नेमका हाच सौदा होतो. जागा नाही, पण वॅट पाहिजे तेवढे. शिवाय बंद गाडी एवढीशी की लांब लाटांचा दाब तिच्यात आपसूक वाढतो, म्हणून बास घरापेक्षा दणदणीत. मग मी कागद घेऊन बसलो. आमची पेटी आतून ४० × ४० × २५ सेंटिमीटर, म्हणजे ४० लिटर. बारा इंची शंकू एक सेंटिमीटर आत आला की साधारण अर्धा लिटर हवा दबते. त्याने पेटीतला दाब पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो. ऐकायला किरकोळ, पण ४० × ४० च्या भिंतीवर हा जोर होतो सुमारे २९ किलो! एकदा बाहेर ढकलणं, एकदा आत ओढणं, आणि हे सेकंदाला चाळीस वेळा. आमच्या प्लायने भुणभुण केली नसती तरच नवल.

अशा पेट्यांचं गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीलने १९६१ मध्ये मांडलं. १९७१ मध्ये ते अमेरिकेत पुन्हा छापलं गेलं तेव्हा कुठे जगाने मनावर घेतलं. सिडनीतच रिचर्ड स्मॉलने ते पुढे नेलं. आज आपण फुकटच्या प्रोग्रॅममध्ये चार आकडे टाकतो आणि ग्राफ बघून खूश होतो, ती या दोघांची कृपा. पण त्या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : पेटीच्या भिंती हलत नाहीत. पहिल्या वेळी आमचा ग्राफ अगदी बरोबर होता. फक्त प्लायला ते कुणी सांगितलं नव्हतं :-)

भिंत ताठ करायचे दोन मार्ग. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट, पण वजनही दुप्पट. त्याऐवजी भिंतीच्या मधोमध एक मजबूत पट्टी घालून ती समोरच्या भिंतीला जोडली, तरी वाकणं जवळपास तेवढंच कमी होतं. दोन्ही भिंती एकाच वेळी उलट दिशांना पळू बघतात आणि पट्टी त्यांना एकमेकींशीच बांधून टाकते. सुतारकाकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पलंगाला मधला आडवा टाकतो तसंच की." आमच्या दोन तासांच्या आकडेमोडीचा निकाल एका वाक्यात.

हे वेड टोकाला कुठे जातं? वेन हॅरिसने अमेरिकेत सुरू केलेल्या डीबी ड्रॅग रेसिंग या स्पर्धेत. वरच्या गटातल्या गाड्यांत काँक्रीट ओततात, काचांच्या जागी जाड अॅक्रिलिक लावतात, दारं क्लॅम्पने आवळतात. गाणं नाहीच, काही सेकंदांचा एकच सूर. आकडा १५० डेसिबलच्या कितीतरी वर. मालक बाहेर उभा, आत फक्त माइक. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला तो ऐकणारा माणूसच आत बसू शकत नाही!

कारण शेवटचं बिल कानांच्या नावावर येतं. कामाच्या जागी ८५ डेसिबलमध्ये दिवसाचे आठ तास, ही अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची शिफारस. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं.

आणि इथे व्हिलचर परत येतो. त्याचं हवेच्या स्प्रिंगचं पेटंट पुढे कोर्टात टिकलं नाही, आणि त्याने अपीलही केलं नाही. १९६७ मध्ये कंपनी विकून तो श्रवणयंत्रांच्या संशोधनाला लागला. तेव्हाची यंत्रं सगळेच आवाज सरसकट मोठे करत. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला हळू आवाज तरीही पोचत नसे आणि मोठा आवाज मात्र टोचे. व्हिलचरने उंच आणि खालच्या सुरांचे वेगळे पट्टे करून प्रत्येकाला हवी तेवढीच उचल द्यायची पद्धत बसवली आणि १९७३ मध्ये ती छापून टाकली. पेटंट न घेता. आजच्या श्रवणयंत्रांचा पाया तीच कल्पना आहे. २०११ मध्ये, ९४ व्या वर्षी तो गेला.

असो. पेटी परत डिकीत बसवली, गाणं लावलं. भुणभुण नाही, नंबरप्लेटही गप्प. मित्राचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला. म्हटलं, "बास रे. भिंतींना पट्ट्या लावल्यात, कानांना नाही."