वाकवणी, कॅडमधील
संगणकावर आरेखलेल्या त्रिमितीय वस्तूला बाक देण्याची क्रिया. भरीव आकार गणिताने मुरडण्याची सूत्रे अ‍ॅलन बार यांनी १९८४ मध्ये मांडली. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमधील ‘फ्लेक्स’ ही आज्ञा त्याच जातीची. चित्र देखणे येते, पण धातू प्रत्यक्षात कसा वागेल हे त्यातून कळत नाही.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत पत्र्यापासून विजेच्या पॅनेलच्या पेट्या आणि वाहनांचे सुटे भाग बनतात. तिथे खरे काम ‘फ्लेक्स’चे नव्हे, सॉफ्टवेअरमधल्या ‘शीट मेटल’ विभागाचे. पत्रा वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि मधल्या तटस्थ थराची लांबी कायम राहते. हा थर आतल्या पृष्ठापासून जाडीच्या किती पट अंतरावर आहे, तो के-फॅक्टर; साधारणपणे ०.३ ते ०.५. पत्रा २ मिमी, आतली त्रिज्या ३ मिमी, वाक ९०° आणि के-फॅक्टर ०.४ असल्यास वाकापुरती लांबी सुमारे ५.९७ मिमी भरते. त्यावरून सॉफ्टवेअर सपाट आराखडा उलगडते. के-फॅक्टर तक्त्यातून उचलण्यापेक्षा आपल्याच डायवर (साच्यावर) नमुना पट्टी वाकवून काढलेला बरा. लेझरवर कापलेला पत्रा प्रेस ब्रेक या यंत्रावर वाकवतात; दाब सुटताच तो थोडा मागे उलगडतो, म्हणून कोन किंचित जास्त दाबतात.