तपकीर ताजी कशी ठेवावी? केशवापूरचा उन्हाळा आणि कोकणचा पावसाळा, दोन्हीकडची पद्धत वेगळी

हुबळी : मराठीत तपकीर किंवा नास, कन्नडमध्ये नश्य. हुबळी-धारवाडच्या मराठी माणसाच्या कानावर हे सगळेच शब्द असतात. आयुर्वेदातलं ‘नस्य’ मात्र वेगळं. ते नाकात औषध सोडण्याचे उपचार आहेत, त्यात तंबाखू नसते. इथे विषय आहे नाकाने ओढायच्या तंबाखूच्या पुडीचा, आणि ती आठ दिवसांत बेचव का होते याचा.

तंबाखू आपल्या भागाला नवी नाही. अकबराचा वकील असद बेग सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आदिलशाही विजापुरात आला, तेव्हा त्याला तिथे तंबाखू मिळाली आणि ती त्याने बादशहाला नेऊन दाखवली. आज निपाणी पट्टा तंबाखूसाठी ओळखला जातो, पण तिथलं पीक मुख्यतः विडीचं. पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे, तिथे आता इलेक्ट्रिकचं सामान मिळतं. तपकीर ओढणारे कमी झाले, त्यामुळे दुकानातला मालही सावकाश खपतो. म्हणून घेतानाच डब्यावरचा उत्पादनाचा महिना बघावा.

खराब का होते?

तंबाखूचं वाळलेलं पान पहाटेच्या गारव्यात मऊ असतं, दुपारी हात लावला की चुरा होतो. निपाणीकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. पान हवेतली ओल घेतं आणि सोडतं. तपकीर म्हणजे त्याच पानाची बारीक पूड. पूड जितकी बारीक तितका तिला हवेचा स्पर्श जास्त, म्हणून हा बदल तासाभरातसुद्धा जाणवतो.

केशवापुरात मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी उघडी राहिलेली ओलसर तपकीर सुकते, धुळीसारखी उडते आणि नाकाला झोंबते. तीच डबी जुलैत गोव्याला किंवा रत्नागिरीला नेली, तर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असल्याने तिचे खडे होतात, पुढे बुरशी धरते. त्यामुळे पाहुण्यांनी सांगितलेली युक्ती आपल्या गावाला लागू पडेलच असं नाही.

प्रकारही बघावा लागतो. मद्रासी पद्धतीची तपकीर भाजलेल्या तंबाखूची असते, तिच्यात तूप आणि चुना घालतात. ती मुळातच कोरडी. तिला ओल देऊ नये. तूप असल्यामुळे उष्णतेने ती खवट होते. युरोपीय पद्धतीच्या काही तपकिरी ओलसर असतात, त्यांना सुकू देऊ नये.

घरात कशी ठेवावी?

- मोठा डबा रोज उघडू नये. दोन-तीन दिवसांपुरती तपकीर खिशातल्या डबीत काढावी, बाकीची बंद ठेवावी.
- साठ्यासाठी घट्ट झाकणाची काचेची बाटली किंवा रबराची रिंग असलेला स्टीलचा डबा चांगला. बाटली लहान घ्यावी. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत तेवढी हवा.
- जागा थंड आणि अंधारी हवी. गॅसजवळचं फडताळ, खिडकीची कड, उन्हात लावलेली गाडी या जागा टाळाव्यात.
- तपकीर दुसऱ्याचा वास पटकन घेते. कापूर, हिंग, उदबत्ती, साबण आणि डांबरगोळ्या लांब ठेवाव्यात. गुलाबाची किंवा पुदिन्याच्या वासाची तपकीर साध्या तपकिरीच्या डब्यात घालू नये.
- चिमूट कोरड्या बोटांनी घ्यावी. एका डबीत चार जणांची बोटं गेली, तर सर्दीही चौघांत वाटली जाते.

फ्रिजची गरज नसते. ठेवलीच तर बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत पाणी धरतं.

सुकली किंवा गोळे झाले तर?

ओलसर प्रकारची सुकली तर तिच्यावर पाणी शिंपडू नये. एका जागी चिखल होतो आणि तिथूनच बुरशी सुरू होते. तपकीर उघड्या बशीत, शेजारी ओल्या कापसाची वाटी, आणि दोन्ही एका मोठ्या बंद डब्यात, असं ठेवावं. कापूस तपकिरीला टेकू नये. बारा तासांनी बघावं, पुरेशी मऊ झाली की कापूस काढावा.

कोरड्या प्रकारचे गोळे झाले, तर सावलीत कागदावर पसरून पातळ मलमलीतून चाळावी. ऊन किंवा तवा नको. पावसाळ्यात कोरड्या तपकिरीच्या डब्यात सिलिका जेलची न फाटलेली पुडी चालते, ओलसर प्रकारात नाही.

बुरशीचा वास, पांढरे-हिरवे डाग किंवा खवटपणा आला की टाकून द्यावी. बारीक तपकिरी किडे दिसले तरी तेच. तंबाखूला लागणारा हा कीडा मिरची आणि धण्यातही होतो. घरात ब्याडगी मिरचीचा वर्षाचा साठा असेल, तर लागलेला डबा तिच्याजवळ ठेवणं महागात पडेल.

हिशेब आणि सावधगिरी

मोठा डबा स्वस्त पडतो, पण रोज दोन ग्रॅम लागत असतील तर १०० ग्रॅमचा डबा पन्नास दिवस चालतो. पावसाळ्यात त्यातला निम्मा टाकावा लागला, तर स्वस्ताई कुठे राहिली? महिन्यापुरतं घ्यावं आणि आधीचा माल आधी संपवावा.

दुसऱ्या बाटलीत काढली की कंपनीचं लेबल आणि इशारा दोन्ही जातात. म्हणून बाटलीवर ‘तपकीर’ आणि तारीख लिहावी. ही पूड काढ्याच्या किंवा मसाल्याच्या पुडीसारखी दिसते. तिच्यात निकोटिन असतं आणि लहान मुलाच्या पोटात थोडी गेली तरी विषबाधा होऊ शकते. लाळ गळणे, उलट्या, चेहरा पांढरा पडणे ही लक्षणं. मुद्दाम उलटी करवू नये, डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा. आजोबांची डबी उशाखाली नको, कुलपात हवी.

ताजी तपकीर म्हणजे निर्धोक तपकीर नव्हे. धूर नसलेली तंबाखूही कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलं आहे. काही घरांत तपकीर दातांना लावतात, तेही तितकंच घातक. दंतमंजन-टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. विक्रीसाठी वयाची अट महाराष्ट्रात १८ वर्षं आहे. कर्नाटकात २०२५ मध्ये ती २१ झाली, सीमेवरच्या दुकानदारांनी हे ध्यानात ठेवावं. सवय सोडायची असेल तर राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-११-२३५६ मोफत आहे.