पालकत्व रजा (पुनावळे परिसर)

मूल झाल्यावर नोकरदार आई-वडिलांना मिळणारी भरपगारी रजा आणि तिला जोडून येणारे हक्क. पुनावळे हे पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या पश्चिमेचे, मुंबई-बंगळूर महामार्गालगतचे उपनगर. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत आणि चाकणच्या कारखान्यांत जाणारी तरुण कुटुंबे इथे राहतात. रजा किती हे कायद्याने ठरलेले आहे; भांडण होते ते पैसे कोणी द्यायचे यावरून.

हा वाद मुंबई इलाख्याच्या काळापासूनचा. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, पण मालकालाही मोकळे सोडू नये, असे मांडले. कायदा १९२९ मध्ये झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने भार मालकावरच टाकला. २०१७ मध्ये १२ आठवड्यांची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली आणि भार दुपटीहून वाढला. लग्न ठरलेल्या मुलीला मुलाखतीत आडवळणाने प्रश्न विचारले जातात ते उगाच नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या; वाटणी तीच राहिली.

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगार स्त्रीला रजेचे पैसे कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) देते. त्यासाठी आधीच्या एक-दोन अंशदान कालखंडांत ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ठेकेदार बदलला तरी विमा क्रमांक तोच ठेवायला सांगावा. नवा काढला की जुने दिवस जोडून घ्यायला खेटे घालावे लागतात. २१,००० रुपयांच्या वर पगार असेल तर पैसे कंपनी देते. अट प्रसूतीआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस कामाची.

५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर आणि आईला दिवसातून चार फेऱ्यांची मुभा सक्तीची आहे. पण तान्हे मूल घेऊन पहाटेच्या कंपनी-बसने चाकण गाठणार कोण? घराजवळचे खासगी पाळणाघर किंवा गावाहून आलेली आजी, हाच व्यवहार.

खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही. मिळते ते कंपनीच्या धोरणाने. शेजारच्या देहूरोडच्या लष्करी डेपोतल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला मात्र १५ दिवस मिळतात. सोसायट्यांतल्या घरकामगार बायका यातून बाहेरच आहेत, कारण घर म्हणजे आस्थापना नव्हे. पात्र ठरल्यास त्यांना मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात आणि दुसरे मूल मुलगी असेल तर ६,०००.