डेटर भाषा

डेटर भाषा : शब्दांविषयीचे व्याकरणिक ज्ञान संगणकात मांडण्याची औपचारिक भाषा. ससेक्स विद्यापीठातील रॉजर एव्हान्स व जेराल्ड गॅझ्डर यांनी ती रचून १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. संगणकीय शब्दकोशात प्रत्येक रूप स्वतंत्रपणे नोंदल्यास पुनरुक्ती अतोनात होते. केवळ नियम दिल्यास अपवाद निसटतात. या दुहेरी अडचणीवर तिने वारशाचे तत्त्व योजले.

डेटरमध्ये माहिती ‘नोड’ व ‘पथ’ यांच्या द्वारे मांडतात. इंग्रजी ‘मो’ (गवत कापणे) या क्रियापदाचे ‘मोड’ हे भूतकाळी रूप सामान्य क्रियापदाच्या नोडकडून वारशाने मिळते. ‘मोन’ या धातुसाधितापुरता वेगळा नियम मधल्या नोडमध्ये असतो. नोडमधील विधानांपैकी पृच्छेतील पथाच्या आरंभापासून सर्वाधिक लांबीपर्यंत जुळणारे विधान लागू होते. म्हणजे विशेष विधान सामान्यास बाधते. संस्कृत व्याकरणपरंपरेतील उत्सर्ग व अपवाद यांचे नाते याच जातीचे आहे.

अनुमानयंत्रणा चालविताना कोणत्या पथांची मूल्ये काढावयाची हे ‘शो’ या आदेशाने सांगतात, तर मधले अमूर्त नोड ‘हाइड’ने वगळतात. परिणामी अभ्यासकापुढे प्रत्यक्ष शब्दांची रूपावलीच येते आणि सिद्धांतातील चूक अशुद्ध रूपाच्या स्वरूपात उघड होते. ग्रेव्हिल कॉर्बेट व नॉर्मन फ्रेझर यांनी १९९३ मध्ये रशियन नामांचे रूपविवेचन याच भाषेत मांडले. व्याकरण केवळ पटवून न देता चालवून पाहता येते, हे डेटरचे महत्त्वाचे योगदान होय.