दादाजानचं इन्शुलिन आणि कैरोत जन्मलेली एक बाई

आमच्या घरी तेव्हा फ्रिज नव्हता. दादाजानच्या इन्शुलिनची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. गोष्ट १९८०च्या आसपासची. काचेची सिरिंज अम्मी रोज सकाळी पातेल्यात उकळायची आणि गल्लीतला कंपाउंडर येऊन सुई टोचून जायचा. एके दिवशी कुणीतरी दादाजानच्या कानावर घातलं, "उसमें सुव्वर का रहता बोलते." झालं! दादाजाननी सुई घ्यायचं बंद केलं. दोन-तीन दिवसांतच त्यांची अवस्था बघवेना. शेवटी अब्बा मशिदीतल्या मौलानांना घरी घेऊन आले. मौलाना म्हणाले, जिवावर बेतलं असेल आणि दुसरा इलाज नसेल तर मनाई उरत नाही; उलट हाताशी असलेली दवा नाकारून जीव घालवला तर त्याचा जाब द्यावा लागेल. दादाजाननी मुकाट्याने बाही वर केली.

बाटलीतलं इन्शुलिन डुकराचं होतं की गायीचं, हे कुणी पाहिलंच नव्हतं. लेबल इंग्रजीत होतं आणि घरात इंग्रजी वाचणारा मीच, तोही पाचवीतला.

मी इतिहासाचा माणूस. पण लहानपणीचा हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. जनावराच्या अंगातलं औषध माणसाला लागू कसं पडतं? उत्तर सोपं निघालं. इन्शुलिन हे प्रथिन म्हणजे ५१ मण्यांची माळ समजा. मणी म्हणजे अमिनो आम्लं. डुकराच्या आणि माणसाच्या माळेत फक्त एका मण्याचा फरक आहे, गायीच्या माळेत तीन मण्यांचा. या मण्यांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी १९५५पर्यंत लावला. पण माळ सरळ नसते. ती स्वतःभोवती गुंडाळलेली असते आणि तिचं काम त्या गुंडाळण्यावर ठरतं. ती नेमकी कशी गुंडाळली आहे, हे शोधायला एका बाईची चौतीस वर्षं गेली. त्या बाईचं नाव डोरोथी हॉजकिन.

डोरोथीचा जन्म १२ मे १९१०चा, आणि तो कैरोतला. वडील जॉन क्रोफूट इजिप्तच्या शिक्षण खात्यात होते, पुढे सुदानात गेले. आई मॉली वनस्पतींची आणि जुन्या विणकामाची जाणकार, बहुतेक सगळं स्वतःच शिकलेली. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा डोरोथी आणि तिच्या लहान बहिणी इंग्लंडमध्ये आणि आईवडील नाईलकाठी. चार वर्षं मुलींना आईचा सहवास जवळजवळ मिळालाच नाही. शाळेत रसायनशास्त्र मुलांसाठी होतं; डोरोथीला आणि आणखी एका मुलीला खास परवानगीने त्या वर्गात बसू दिलं. तेराव्या वर्षी ती खार्तुमला आईवडिलांकडे गेली. तिथे एका माती-रसायनतज्ज्ञाने तिला खनिजं तपासायला शिकवलं. घरच्या अंगणात सापडलेला काळा दगड तिने तपासून पाहिला आणि ते इल्मेनाइट निघालं. सोळाव्या वाढदिवसाला आईने विल्यम ब्रॅग यांचं पुस्तक दिलं. क्ष-किरणांनी अणू 'पाहता' येतात, हे तिला त्यात कळलं. मुलीला सोळाव्या वर्षी काय भेट द्यावी, यावर आपल्याकडे ज्या चर्चा चालतात त्या आठवल्या की या मॉलीबाईंना सलाम करावासा वाटतो.

ऑक्सफर्डला जाण्याआधी ती आजच्या जॉर्डनमधल्या जेराशला वडिलांच्या उत्खननावर होती. जुन्या चर्चच्या फरशांवरच्या नक्षीची चित्रं ती काढत होती. एकच आकृती पुन्हा पुन्हा येऊन सगळी फरशी भरते, ते तिला फार आवडलं. स्फटिक म्हणजे तरी दुसरं काय? त्यातही रेणूंची एकच मांडणी न चुकता पुन्हा पुन्हा येत असते.

आता हे तंत्र थोडक्यात सांगतो. जुन्या इमारतींत दगडी जाळी असते. तिच्यातून आलेल्या उजेडाचे ठिपके जमिनीवर पडतात. समजा जाळी दिसत नाही, नुसते ठिपके दिसतात, आणि त्यांवरून जाळी ओळखायची आहे. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की फिल्मवर असेच ठिपके उमटतात. ठिपका किती ठळक ते मोजता येतं. पण किरणांच्या लाटा एकमेकींच्या किती पुढे-मागे होत्या, ही निम्मी माहिती फिल्मवर येतच नाही. ती कोड्यासारखी सोडवायची, आणि त्या काळी कागद-पेन्सिलवर.

१९३४ साली डोरोथीबाई केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्याकडे होत्या. स्वीडनहून पेप्सिनचे स्फटिक आले. बर्नाल यांच्या लक्षात आलं की सुकलेला स्फटिक काहीच दाखवत नाही. तो वाढला त्याच द्रवात ओला ठेवला तर ठिपकेच ठिपके. प्रथिनाचे अणूही शिस्तीत बसलेले असतात, हे पहिल्यांदा दिसलं. त्याच वर्षी डोरोथीबाईंना संधिवाताचं निदान झालं. वय चोवीस. बोटं वाकत गेली, ती कायमचीच. माझ्या अम्मीलाही हेच दुखणं होतं. पोळपाटावर भाकरी थापताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलं आहे. म्हणून त्याच बोटांनी सुईच्या टोकाएवढे स्फटिक उचलणाऱ्या बाईंबद्दल वाचताना मी मध्येच थांबतो.

त्याच सुमारास त्या ऑक्सफर्डला परतल्या आणि त्यांच्या हाती इन्शुलिनचे स्फटिक आले. पहिली फिल्म धुऊन पाहिली तेव्हा रात्र झाली होती. आनंदाच्या भरात त्या एकट्याच शहरात भटकत राहिल्या. सकाळी उठल्यावर शंका आली, तो स्फटिक इन्शुलिनचाच होता ना? धावत प्रयोगशाळेत जाऊन तपासलं. इन्शुलिनच होतं. पण ठिपक्यांचा अर्थ लावायची सोय त्या वेळी कुणाकडेच नव्हती. इन्शुलिन बाजूला राहिलं, सुटलं मात्र नाही.

मधल्या काळात त्यांनी युद्धाच्या धामधुमीत पेनिसिलिनची रचना सोडवली. त्यात चार अणूंचं एक ताणलेलं कडं आहे, असं त्यांनी १९४५मध्ये दाखवलं. मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ तसं मानायला तयार नव्हते. मग बी १२ जीवनसत्त्व, १८१ अणूंचा रेणू. तोही १९५६पर्यंत सुटला. १९६४चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना एकटीला मिळालं. बातमी आली तेव्हा त्या घानात होत्या, पती थॉमस यांच्याकडे. एका ब्रिटिश वर्तमानपत्राने मथळा दिला की ऑक्सफर्डच्या गृहिणीला नोबेल! तीन मुलं होती हे खरं, पण नोबेलवाल्या बापांना कुणी गृहस्थ म्हणून मथळ्यात बसवल्याचं माझ्या वाचनात नाही.

हे थॉमस हॉजकिनही आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवेत. ते पॅलेस्टाईनमध्ये ब्रिटिश उच्चायुक्तांचे खासगी सचिव होते. अरबांवर अन्याय होतो आहे असं वाटल्यावर १९३६मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पुढे ते आफ्रिकेच्या इतिहासाचे अभ्यासक झाले. डोरोथीबाईही राजकारणापासून दूर राहिल्या नाहीत. शांतता चळवळीतल्या संबंधांमुळे १९५३मध्ये अमेरिकेने त्यांना व्हिसा नाकारला. त्या व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलल्या. अण्वस्त्रांविरुद्धच्या पगवॉश परिषदेच्या त्या १९७६पासून बारा वर्षं अध्यक्ष होत्या. मार्गारेट थॅचर त्यांच्याकडे रसायनशास्त्र शिकल्या होत्या. विद्यार्थिनी आणि बाई यांचं राजकारण किती वेगळं निघालं!

इन्शुलिन १९६९मध्ये सुटलं. मोजणीला संगणक आले होते. स्फटिकात जड धातूचे अणू घुसवून ती हरवलेली निम्मी माहिती मिळवायची युक्तीही आली होती. जस्ताच्या दोन अणूंभोवती इन्शुलिनचे सहा रेणू जमून बसलेले दिसले. शरीरात ते असेच साठवले जातात. काम करताना मात्र सुटे होतात. आज जेवायच्या वेळी घेतात ते लवकर लागू पडणारं इन्शुलिन, या सहांची मिठी झटपट सुटावी म्हणून मुद्दाम तसं घडवलेलं असतं. आणि हो, डोरोथीबाईंनी सोडवलेली ही रचना डुकराच्या इन्शुलिनची होती. हे वाचलं तेव्हा मला दादाजान आठवले आणि हसू आलं. १९८२मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्शुलिन अमेरिकेत मंजूर झालं आणि हळूहळू तो प्रश्नच मिटला.

१९६९च्या त्या शोधनिबंधावर दहा नावं आहेत. डोरोथीबाईंचं आठवं. चौतीस वर्षं घालवलेल्या माणसाने आपलं नाव आठवं येऊ द्यावं! आपल्याकडच्या विद्यापीठांत काय चालतं ते मी लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. पाचवं नाव केरळच्या एम. विजयन यांचं. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून ते ऑक्सफर्डला गेले होते. परत येऊन त्यांनी प्रथिनांच्या स्फटिकांचा अभ्यास इथे रुजवला. १९९४मध्ये त्यांच्या गटाने शेंगदाण्यातल्या एका प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. त्या निबंधावर शेखर मांडे यांचं नाव आहे. मांडे नागपूरचे, पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे संचालक झाले.

त्याच १९९४च्या २९ जुलैला डोरोथीबाई गेल्या. आदल्या वर्षी स्फटिकशास्त्राची जागतिक परिषद बीजिंगला होती. चीनमधल्या शास्त्रज्ञांनीही स्वतंत्रपणे इन्शुलिनची रचना सोडवली होती, आणि जगापासून तुटलेल्या त्या लोकांचं काम बाहेर सांगत फिरणाऱ्यांत डोरोथीबाई पुढे होत्या. वय त्र्याऐंशी, चालणं बंद, प्रवास झेपण्यासारखा नव्हता. तरी त्या व्हीलचेअरवर बसून बीजिंगला गेल्याच.